तांब्याच्या वायरी

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट बघून कंटाळले, म्हणून मीच लिहायला बसले. बाबांची तब्येत ठीक आहे. कानाचं नवं यंत्र त्यांना मानवलंय. आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते, म्हणून दोन दिवस घड्याळावरच चिडले होते.

कामाचं लिहिते. गाडीच्या प्लगच्या वायरी गेल्यात. परवा चढावर इंजिन अडखळायला लागलं. शेडचं दार लावून अंधारात बॉनेट उघडलं, तर तिसऱ्या वायरीतून निळी ठिणगी बाहेर उडत होती. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीला टेकून तिचं रबर जळलंय. चारही बदलायला हव्यात. माझ्या मते कार्बनचा गाभा असलेल्या घ्याव्यात. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्या पुरतात आणि त्यांनी आजूबाजूच्या रेडिओ-बिडिओत खरखर होत नाही. पण गाडी तुझ्या नावावर आहे, म्हणून विचारते.

रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन येते. घरात ते पेपरच्या आड असतात, गाडीत मात्र बोलतात. दोघांची नजर रस्त्यावर असते, त्यामुळे सोपं जात असावं. गेल्या रविवारी त्यांनी आपणहून आपल्या जुन्या गॅरेजचा विषय काढला. म्हणाले, तुला तिथून काढून टायपिंगच्या क्लासला घातलं, त्याबद्दल एकदा बोलायचंय. तेवढ्यात घर आलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते रे. या एका बोलण्याची चाळीस वर्षं वाट बघतेय. तेव्हा वायरींचं लवकर कळव.

लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही उतरू दे.
तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उशिराबद्दल कान पकडतो. कार्बनच्या वायरींचं मात्र नाव काढू नकोस. पुढच्या महिन्यात इथे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे आणि मी आपली गाडी नोंदवलीय. परीक्षक बॉनेट उघडून एकेक वस्तू तपासतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा साध्या तांब्याच्या वायरी होत्या, तेव्हा आताही तांब्याच्याच हव्यात. काळ्या रबराचा अस्सल जोड मिळवून पार्सलने पाठवलाय. ठिणगीही जोरदार पडते, असं दुकानदार म्हणाला.

आणि खरखरीचं काय घेऊन बसलीस? गाडीत रेडिओ आहेच कुठे? उगाच मिस्त्रीपणा करू नकोस असं लिहिणार होतो, पण वायरी बसवणार तूच, म्हणून गप्प बसतो. रंगाला ओरखडा येऊ देऊ नकोस म्हणजे झालं. हिने नमस्कार सांगितलाय. मुलीची परीक्षा चालू आहे, घरात श्वास घ्यायचीही चोरी.

बाबांना शि. सा. न. राग आला असेल तर पुढच्या पत्रापर्यंतच धर.
तुझा धाकटा


दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

वायरी बसवल्या. तुझ्या दुकानदाराला मापाची अक्कल नाही, चौथी बोटभर आखूड निघाली. ती ताणून न लावता वळण बदलून घेतली. सगळ्या एक्झॉस्टपासून लांब बांधल्या, एकमेकींना चिकटणार नाहीत असंही पाहिलं. इंजिन एका सुरात चालतं. इथपर्यंत तुझं खरं.

पण खरखर फक्त रेडिओतच होते, असं तुला कुणी सांगितलं? इंजिन चालू केलं आणि बाबांनी कानावर हात दाबले. यंत्रात कुणी पत्रा खरवडतंय असं वाटतं म्हणे. मग त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. पुलापर्यंत गेलो आणि आलो, एक शब्द नाही. मी दोनदा गॅरेजचं विचारलं. त्यांना वाटलं मी रस्ता विचारतेय, त्यांनी बोटाने समोर दाखवलं.

मला वायरी बदलू दे. प्रदर्शनाच्या आधी तुझ्या परत बसवीन, अर्ध्या तासाचं काम आहे. गॅरेज तुला मिळालं, तू तीन वर्षांत त्याला कुलूप लावलंस. त्यावर मी कधी तोंड उघडलं नाही. आता एवढं एक ऐक.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलपाचा टोमणा लागला. तुला हवं होतं ते तुला मिळालं नाही, मला नको होतं ते माझ्या गळ्यात पडलं. मला तरी कुणी विचारलं होतं? तीन वर्षं ग्रीसच्या वासाने मला जेवण जात नव्हतं. बाबा रोज म्हणायचे, ताईचा हात बघ. तुला वाटतं मी मजा केली.

वायरींना हात लावू नकोस. काढताना टोकाची रबरं फाटतात आणि दुसरा जोड मिळणार नाही. अठरा तारखेला ट्रक गाडी न्यायला येईल. प्रदर्शनानंतर तू म्हणशील त्या वायरी मी स्वतः पाठवतो, शब्द देतो. दोन रविवारांत काय आभाळ कोसळणार आहे? घरात बोल की बाबांशी, घरी तर यंत्र नीट चालतं.

चिडलीस तरी पत्र पाठव, कोरं नको.
तुझा धाकटा


दि. २८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

बक्षिसाचं पत्र आणि वायरींचं खोकं, दोन्ही मिळालं. अभिनंदन. या खेपेला माप अचूक आहे. शब्द पाळलास, हे कबूल करते. खोकं परत पाठवतेय.

ट्रक यायच्या आधीच्या रविवारी आम्ही पुलावर गेलो होतो. इंजिन चालू, यंत्र त्यांच्या खिशात. त्यांनी खुणेने गाडी हळू करायला लावली आणि समोर बघत बोलायला लागले, ऐकू न येणाऱ्याच्या मोठ्या आवाजात. म्हणाले, तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला होता, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी तुला काढलं. चूक माझी होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, मनातून काढून टाकलंस ना?

मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं. नाही बाबा, एक दिवसही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करताना काय वाटायचं तेही सांगितलं. सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर थोपटून म्हणाले, बरं झालं पोरी, सुटलो.

तेव्हापासून खुशीत आहेत. दोन घास जास्त खातात, दुपारी शांत झोपतात. येईल त्याला सांगतात की लेकीचं मन मोठं आहे, तिने मला माफ केलं. यंत्र दिवसभर कानात असतं. मी समोर बसलेली असते आणि चहा हवा का एवढंच विचारते. त्या माणसाला पुन्हा एकदा नाही म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

मी तुला न विचारता वायरी बदलायला हव्या होत्या. पण या घरात विचारल्याशिवाय काही करायची सवय मला लावलीच नाही कुणी. आता गाडी तिकडेच ठेव. रविवारी आम्हाला कुठे जायचं नसतं.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
तुझी ताई