काचेवरची टकटक

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज एका खुनाचं वर्णन औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं वाचलं. मी काचेवर दोनदा टकटक केली. "काय चुकलं?" म्हणे! शब्द एकही चुकला नाही हो बाई. पण माणूस मेलाय, थोडं तरी वाईट वाटू द्या!

राज्य ग्रंथालय खात्यात नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, वा, दिवसभर पुस्तकं वाचत लोळत असेल. कपाळ माझं! वाचतात दुसरे, मी ऐकते. बोलक्या पुस्तकांचा विभाग, तळमजला, जिन्याखाली. काचेच्या आत कुणीतरी हौशी माणूस माइकपुढे वाचतो. बाहेर मी, कानाला हेडफोन, समोर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत, ओळीखालून बोट. शब्द चुकला, ओळ गाळली, जांभई दिली की दोनदा टकटक. मग त्याने वाक्याच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा वाचायचं. असं करत करत पुस्तकाचा एकेक भाग पुरा होतो आणि अंध सभासदांच्या घरी जातो. इतकी वर्षं हेच केलंय. आता शेजारीण नुसतं "कशा आहात?" म्हणाली तरी बोटं शिवशिवतात.

दुपारी साहेब डोकावले. "सगळं ठीक ना?" म्हणाले आणि उत्तर ऐकायच्या आत गेलेसुद्धा. आणि हे ऐकण्याच्या विभागाचे साहेब!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार म्हणजे हुंदके!

नाव मी ठेवलेलं. एके काळचा नाटकातला नट, आता सत्तरी ओलांडलेली. बाप रडला की हा रडणार, लेक रडली की हा रडणार, गाय हंबरली तरी याचा गळा दाटणार. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. आणि यायचं ते बायकोच्या हातात हात घालून, नवरदेव जणू! ती त्याला काचेच्या आत खुर्चीपर्यंत नेऊन बसवते, पुस्तक हातात देते, मग बाहेर बाकावर विणकाम घेऊन बसते. बोलत काही नाही. बोलणार कशी, घसा कायम बसलेला! घरी नवऱ्यावर तोंडाचा पट्टा चालवत असणार दिवसरात्र. माझ्याकडे बघून नुसती हसते.

त्याच्याकडे एका नावाड्याची आणि त्याच्या लेकीची जाडजूड कादंबरी आहे. पुस्तक आठवडाभर आधी घरी न्यायचंच, हा त्याचा हट्ट. "तयारी केल्याशिवाय मी उभा राहत नाही, बाई." अहो, इथे उभं कुणाला राहायचंय? बसून वाचायचंय!

आणि एवढी तयारी करून चुका किती! छापलंय 'कळशी', हा म्हणतो 'घागर'. टकटक. मागे जातो आणि पुन्हा ठासून 'घागर'! पुन्हा टकटक. पुन्हा घागर! शेवटी मी आतला माइक दाबून सांगितलं, कळशी आहे, कळशी. तेव्हा "क्षमस्व" म्हणून कळशी. लेखकापेक्षा जास्त कळतं याला. नटांचा हा माज मला चांगला माहीत आहे.

त्यात पानं उलटणं! वाक्य पानाच्या मध्यावर चालू असतं आणि हा खुशाल पान उलटतो. तो सळसळाट सरळ कानात. पुढचं पान सुरू होऊन अर्धं झालं तरी उलटायचं नाव नाही, आणि मग एकदम दोन! पुस्तक आहे की पंखा? डोक्यात जातो माणूस.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज साहेबांकडे गेलेच. हुंदक्यांचं सगळं सांगितलं. घागर, पानं, सगळं. साहेब पेन फिरवत होते. "मग त्यांची पुन्हा एकदा चाचणी घ्या. पास झाले तर ठीक, नाहीतर आभाराचं पत्र आणि सुट्टी. पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यापासून वाचायला द्या."

मी म्हटलं, तुम्ही बसा चाचणीला. "छे छे, मला मीटिंग आहे." कसली, ते त्यांनाही माहीत नसणार. तर मीच घेणार. सोमवारी.

कशी घ्यायची तेही ठरवलंय. आपली सगळी पुस्तकं बांधणीवाला एकाच चॉकलेटी पुठ्ठ्यात बांधतो, बाहेरून सगळी सख्खी भावंडं. कादंबरीच्या जागी दुसरंच पुस्तक ठेवायचं आणि आत खूण घालायची. उघडेल आणि बघेल तर तयारी न केलेलं! मग बघूया हे नटवर्य न पाठ केलेलं कसं वाचतात ते. आवंढा गिळतानाचा आवाज मला हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकायचाय.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "अगं, फुकट येतो बिचारा. तुझं काय जातं?" माझे कान जातात!

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवाल्या मावशींचा फोन. या आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद, जन्मापासून अंध, आणि तक्रार करण्यात माझ्या तोडीच्या. डॉक्टरीणबाईंचं पुस्तक त्यांनी "हे काय, बिल वाचताय का?" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हापासून मला आवडतात.

आज विचारत होत्या, "नावाड्याचं पुढचं कधी येणार?" म्हटलं, वाचणारे बदलायचं चाललंय, उशीर होईल.  मग म्हणाल्या, "त्यांना नका हो बदलू. मी त्यांच्याचसाठी थांबलेय."

काय पाहिलंय त्या रडक्यात, देव जाणे. मावशींकडून ही अपेक्षा नव्हती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा सकाळी पेपर मोठ्यांदा वाचत होता. मी टेबलावर दोनदा टकटक केली. त्याने पेपरच माझ्या हातात दिला आणि अंघोळीला गेला.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुठून सुरू करू?

मधमाशा पाळण्याचं पुस्तक ठेवलं होतं. मुद्दाम. त्यात कोण रडतं ते बघू म्हटलं. खूण घातली, टेबलावर बरोब्बर त्याच्या हाताशी ठेवलं. बायकोला दारातच अडवलं, "आज आत यायचं नाही, चाचणी आहे. पुस्तक आत ठेवलंय." तिचा चेहरा उतरला. मला गंमत वाटली. हो, गंमत वाटली!

तो टेबलाला हात लावत खुर्चीपर्यंत गेला. बसला. पुस्तकावरून हात फिरवला, खुणेशी उघडलं, घसा साफ केला. आणि मी इथे आवंढ्याची वाट बघत, बोट काचेपाशी.

तर तो वाचायला लागला. कादंबरी! नावाडी लेकीला पलीकडे सोडायला निघालाय तो भाग. समोर पोळ्याची आणि धुराच्या डब्याची चित्रं, आणि हा वाचतोय बाप वल्हं कसं मुद्दाम हळू मारतो ते!

पहिल्यांदा वाटलं, माझी थट्टा करतोय. म्हातारा भलताच बेरकी निघाला! अंगाचा तिळपापड झाला. टकटक करायला हात उचलला. तेवढ्यात त्याने पान उलटलं. राणीमाशीच्या चित्रावर बोट ठेवून, अगदी मन लावून, वाचत राहिला.

दिसत नाही त्याला.

दिसत नाही! पानं उलटायची ती फक्त मला ऐकू यावं म्हणून. घरी ती वाचते, हा ऐकून ऐकून पाठ करतो, नाटकाची नक्कल पाठ करावी तसा. तिने एकदा घागर म्हटलं की याची घागरच. मी पन्नासदा टकटक केली तरी त्याच्याजवळ दुसरा शब्दच नाही. आणि तिचा घसा...

कादंबरीची प्रत माझ्या खणात होती. काढलीच नाही. समोर छापील पान नसताना मी आज पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं. त्याच्या गळ्यात ते नेहमीचं दाटून आलं, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. हात काचेजवळ तसाच. बाप परत फिरतो तिथे तो थांबला. "टकटक नाही आली, बाई. बरोबर आलं का?"

मी माइक दाबला आणि "हो" म्हटलं. 

बाहेर बाकावर ती सुया मांडीवर टाकून बसली होती. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तिला कळलं. घशातून हवाच जास्त येत होती. "सांगू नका हो कुणाला. नाटक गेलं तेव्हा वर्षभर खोलीच्या बाहेर नाही आले. हे गेलं तर पुन्हा नाही उठायचे."  

११ फेब्रुवारी, मंगळवार

संताप, संताप! फसवलं मला! खात्यातले सगळ्यांत तिखट कान म्हणून मिरवते मी, आणि हा गृहस्थ वर्षभर मंगळवारच्या मंगळवारी माझ्यासमोर बसून प्रयोग करून गेला! आणि मला काय ऐकू आलं? पानांची सळसळ!

नियम उघडून बघितला. वाचक 'उत्तम दृष्टी असलेला' हवा. अंधांच्या विभागात अंधाला मनाई. कुठल्या दिव्य पुरुषाने लिहिलं हे? साहेबांना सांगितलं तर नियमावर बोट ठेवतील आणि मीटिंगला जातील. न सांगितलं तर मी खोटं लिहिणार, ज्या मी आयुष्यात कुणाचा काना सोडला नाही.

संध्याकाळच्या आत निकाल हवाय म्हणे, तोवर त्याचं आजचं वाचन बंद.

दुपारी पुन्हा मावशी. "काढलं का हो त्यांना?" माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, मावशी, एवढं काय आहे त्यांच्यात?

"तो आमच्यातला आहे ना?"

म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"मला पहिल्याच भागात कळलं. तुमचे डोळसवाले ओळ संपली की उगाच ठेच लागल्यासारखे थांबतात. वाक्य अर्धं लटकतं, मग पुढची ओळ सापडते. हा नाही थांबत. याला ओळी नाहीतच. आम्हाला कुठे असतात?" मग हळू आवाजात, "कुणाला बोलले नाही हो मी. तुम्हाला माहीतच असेल म्हटलं. तुम्ही तर रोज ऐकता."

रोज ऐकते! जोड्याने मारलं असतं तरी चाललं असतं.

निकाल लिहिला. 'वाचन समाधानकारक. पुढे चालू ठेवावे.' साहेबांनी न वाचताच सही ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या न वाचण्याचा उपयोग झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हुंदक्यांची बायको एकटीच आली ऑफिसात. बोलली नाही, पाटी-पेन्सिल घेऊन आल्यासारखं हातात कागद. त्यावर लिहिलेलं, डॉक्टरने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. कादंबरीचे शेवटचे भाग राहिलेत. तो घरी म्हणतोय, आता पुरे, तुझा आवाज घालवून मला वाचायचं नाही.

तिचे डोळे भरले. मला असं समोर कुणी रडलेलं अजिबात खपत नाही. म्हटलं, रडू नका, माइक चालू आहे. नव्हता. पण थांबली.

मग म्हटलं, त्यांना उद्या सकाळी घेऊन या. आणि मीच फोन करून सांगते त्यांना, घागर-बिगर चालणार नाही. माझ्याकडे जे छापलंय तेच पाठ करावं लागेल!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घसा पार बसलाय. कोमट पाणी पीत बसले होते तर नवरा म्हणतो, "आज ऑफिसात कुणावर एवढी ओरडलीस?"