‘नाही’ म्हणता येतं याचा दाखला

नुकुआलोफा, रविवार

लोपेतीदादास मानासेचा नमस्कार.

ऑकलंडच्या थंडीत तुझा रग्बीतला गुडघा कसा आहे? इकडे तुझी आई, म्हणजे आमची लोसेआत्या, ठणठणीत आहे. (मीच थकलो आहे. आत्ताच तिच्या चर्चच्या गायकांची भांडी घासून बसलो. ते कसं झालं, तेच सांगतो.)

विमानतळावर सामान तोलायच्या खिडकीवर माझी निवड झाली, पण अट निघाली: परदेशात शिकून आलेल्यांनी तिकडे अंगी आलेल्या गुणांचा सरकारी दाखला आणायचा. गेलो. कारकून म्हणाला, "चारचौघांत मिळूनमिसळून राहतो, असं लिहू?" आता एका छपराखाली वीसेक भावंडांत वाढलेला मी, ते शिकायला ऑकलंडला गेलो होतो का? शेवटी खरं ते सांगितलं. तिकडे मी तोंडावर ‘नाही’ म्हणायला शिकलो. (तुझ्याच खोलीत, तुझ्याच मित्रांना, दर शनिवारी.) कारकून खूश झाला. खिडकीवर असाच माणूस हवा, कारण आपलं अख्खं बेट जास्तीचं सामान घेऊनच विमानात चढतं. फक्त दाखला देणाऱ्या मंडळापुढे एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा, म्हणाला.

मंडळाच्या मधल्या खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापिका लोसेआत्या. मी आपल्या रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून गेलो होतो, तसाच खाली जमिनीवर बसलो. बापाच्या बहिणीसमोर खुर्चीत कसा बसणार? आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली, "मानासे, येत्या रविवारी गायकांचं जेवण तू रांधशील ना रे?"

आरशासमोर घोकलेला शब्द ओठांपर्यंत आला.

"हो आत्या," मी म्हणालो. "डुक्कर एक की दोन?"

बाकीचे दोघे बाहेर बघू लागले. मला रडू यायचं बाकी होतं. एवढं शिक्षण आणि हाताशी आलेली नोकरी एका ‘हो’त गेली. पण आत्याने शांतपणे दाखला लिहून शिक्का मारला. ‘परदेशी राहूनही बिघडला नाही,’ असं त्यात आहे. विमानतळावर शिक्का पाहिला, मजकूर कुणी वाचला नाही. उद्यापासून रुजू होतोय.

तुझा,
मानासे

ता.क. आत्या पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येते आहे. चटयांचे चार गठ्ठे आणि कोनफळांची दोन पोती घेऊन. खिडकीवर मीच असेन. तेव्हा न्यायला येताना गाडी मोठी आण.

आणखी एक. त्यानंतर ही नोकरी राहील असं वाटत नाही. तुझ्या खोलीतली माझी गादी अजून आहे का? नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणाने म्हण. फक्त आत्या समोर बसलेली असताना म्हण.