बंबाची राख

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, देवाला समोर ठेवून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर माझेच आहे, आणि हे मृत्युपत्र कोणी मला भरीस घालून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वीचा कागद रद्द समजावा. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, सर्वस्वी धाकटीला. थोरल्याने हिस्सा मागू नये. त्याला शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली. धाकटीला काय मिळाले ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेतली ठेव धाकटीच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार थोरल्याने बघावा आणि सूनबाईने तपासावा. सूनबाई कडक आहे, म्हणूनच. हे तिच्या तोंडावर कधी कौतुकाने बोलले नाही.

कलम ३. ह्यांच्या रंगकामाच्या सामानातली शिडी कोपऱ्यावरच्या सुताराला. रंग खरवडायच्या पट्ट्या कोणालाही देऊ नयेत.

कलम ४. पाणी तापवायचा बंब. हे कलम लिहायला चार दिवस लागले.

हे रंगारी होते. जुन्या इमारतींची दारे-खिडक्या खरवडून नवा रंग द्यायचे. मोडक्या चौकटी फुकट मिळत, त्या मी बंबात जाळायची. राख चाळून त्या राखेनेच भांडी घासायची. अकरा वर्षे माझ्या वहीत भांड्यांच्या पावडरीपुढे शून्य आहे, आणि त्याचा मला गर्व होता. धाकटी पाच वर्षांची झाल्यावर घासायचे काम तिला दिले. थंडीत ती बंबाला चिकटून बसायची. बोटे तोंडात घालायची तिला सवय होती.

वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, एकदा म्हणाल्या, "वहिनी, रंगाचं लाकूड नका हो जाळू, धूर बघा कसा घशाला लागतो."

मी म्हटले, "फुकटचं जळण मिळतंय, ते खुपतं वाटतं तुमच्या डोळ्यांत!"

पुढे धाकटीचे पोट दुखू लागले, पाढे आठवेनात. मी तिला मठ्ठ म्हटले, बोटांवर पट्टी मारली, तिच्यासाठी उपासही केले. ती नऊ वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. म्हणाल्या, "हिच्या रक्तात शिसं आहे. जुन्या रंगात असतं. तुमच्या घरात कुठून येतंय? मेंदूचं झालं ते आता भरून यायचं नाही."

मला तिथेच कळले. घरी येऊन सांगितले, "रक्त कमी आहे." जळण गुपचूप बदलले. आणि चार नातेवाइकांत मीच पसरवले की वन्संनी दिलेल्या ताकदीच्या औषधाने पोरीचे डोके मंद झाले. वन्सं सव्वीस वर्षे या घराची पायरी चढल्या नाहीत. हे बहिणीवरचा राग मनात ठेवूनच गेले. मी रोज देवापुढे बसत होते, तिथेही हे बोलले नाही.

तपासणीचा कागद पोथीत लपवला होता. तो सोबत जोडला आहे. बंब मोडीत घालावा, वापरायला कोणाला देऊ नये.

कलम ५. अंगणाच्या कोपऱ्यात राख टाकत असू. तिथली माती तपासून घ्यावी आणि जाणकाराला विचारून उचलून न्यायला लावावी. तोवर तिथे भाजी लावू नये, शेजारच्या मुलांना खेळू देऊ नये. खर्च होतो म्हणून टाळू नये. हे मी लिहिते आहे, मी.

कलम ६. वन्संना बांगड्या द्यायच्या मनात होत्या. पण साक्षीदार म्हणून सही त्यांचीच हवी आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकील म्हणाले. शिवाय बांगड्यांनी काय भरून येणार?

साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर :

पत्र पाठवून बोलावल्यावर वन्सं आज आल्या. उभ्यानेच सगळे वाचले. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर कळून काय उपयोग होता, वहिनी? पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मी सही करायची नाही."

धाकटीला हाक मारली. भांडी ठेवून आली. तिला सगळे सांगितले, सोप्या शब्दांत, दोनदा. तिने आपली बोटे पुढे धरून पाहिली.

"म्हणजे आई, मी मठ्ठ नव्हते?"

"नव्हतीस गं."

"मग ते लिही. बाकी सगळं लिहितेस."

कलम ७. माझी धाकटी मुलगी मठ्ठ नव्हती.

हे तिला वाचून दाखवले. त्यानंतर वन्संनी पेन मागितले.

लिहून देणार : (सही) थोरल्याची व धाकटीची आई
साक्षीदार १ : (सही) वन्सं
साक्षीदार २ : (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
तारीख : चौदा, शनिवार, सकाळी