ओट्यावरची गुलाबी बाटली

सदाशिव पेठ, पुणे
दि. २२ जून २०२५

सोजरबाई यांस,
नमस्कार. खराडीला दीपालीकडे तुमचा खोकला कमी झाला आणि संध्याकाळी तुम्ही थोडं चालायला जाता, हे तिच्याकडून कळलं. बरं वाटलं. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. फडताळात अंथरायचा पेपर तुम्ही आधी वाचायचात, ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला नको.

इकडे ठीक. मुक्ताचा गुडघा तसाच. स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करतो, म्हणजे ती करते आणि मी चुका करतो. दुसऱ्या बाई ठेवलेल्या नाहीत. शेजारचे दत्तप्रसाद आता दुधाला स्टीलची बरणी घेऊन जातात. बिल्डिंगमधल्या अकरा घरांत जुन्या बरण्या-बाटल्या धुऊन पुन्हा वापरतात. प्लास्टिक कमी करायचं हे माझं वेड सगळ्यांना पटलं, म्हणून लोक भेटले की कौतुक करतात. मी मान खाली घालून जिना चढतो. त्यांना तो विनय वाटतो.

गेल्या रविवारी दीपाली तुमचा डबा आणि चपला न्यायला आली होती. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "काका, आई अजून एकच बोलत बसते. मीच भरली असेल ती बाटली, मग मला आठवत कसं नाही? डोकं गेलं का गं माझं, असं विचारते."

मी तिला काय म्हणालो, तिने सांगितलं का तुम्हाला? "वयानुसार होतं थोडं," असं म्हणालो. डबा तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

सोजरबाई, ती बाटली मी भरली होती.

तुमचं डोकं शाबूत आहे. तुम्हाला आठवत नाही, कारण तुम्ही ते केलेलंच नाही.

त्या मंगळवारी सकाळी मी दुकानातून फरशी पुसायचं औषध सुटं आणलं. घरून बाटली नेली की तिथे भरून देतात. मी नेली ती सरबताची काचेची बाटली होती, तिच्यावरचा कागद मीच भिजवून, खरवडून काढला होता. औषध गुलाबी, वासही गुलाबाचा. खऱ्या सरबताची बाटली फ्रीजमध्ये होती, अगदी तशीच. घरी आलो तेव्हा फोन वाजत होता. हातातली बाटली ओट्यावर ठेवली ती तिथेच राहिली.

तुम्ही दुपारी उन्हातून आलात. मुक्ता बहिणीकडे नाशिकला गेलेली. तुम्ही पदराने तोंड पुसलंत, आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "सोजरबाई, आधी सरबत घ्या. बाटली बाहेरच दिसतेय."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही ते आठवत नसावं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही त्या दुपारचं काहीच सांगू शकत नव्हतात, आणि खरं लिहितो, मला तेव्हा हायसं वाटलं.

तुम्ही घटाघटा प्यायलात. मग ग्लास पडला. तोंडाला फेस, ठसका, श्वास लागेना. रिक्षात तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बाटली कोणी भरली? माझ्या तोंडून निघून गेलं, "यांनीच भरली असेल." एकदा बोललो, मग तेच हवालदाराला सांगितलं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली.

तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं मी. पहिल्याच तासाला मुलांना दरडावायचो, बाटलीवर चिठ्ठी नसेल तर हात लावायचा नाही. आणि तुम्ही तर मला मार्चमध्येच सांगितलं होतंत, "काका, खायची बाटली आणि पुसायची बाटली सारखी ठेवू नका. आम्ही रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधायचो." मी हसलो होतो. चिंधी बांधली तर बाटल्यांची रांग वाईट दिसेल, असं म्हणालो होतो.

नऊ दिवस मी तुमच्यासाठी पेज घेऊन येत होतो. तुम्ही हात जोडून म्हणालात, "माझ्यामुळे तुमच्या डोक्याला ताप." मी म्हणालो, "असू दे." त्याच आठवड्यात मी खाली फळ्यावर सूचना लावली: "घरकामास येणाऱ्यांनी बाटली भरण्यापूर्वी व पिण्यापूर्वी पाहावी. डोळे त्याचसाठी असतात." लोक हसले. त्या सूचनेनंतर बिल्डिंगमधल्या तुमच्या बाकीच्या तिन्ही घरांनी तुम्हाला नको म्हटलं. मला ते कळलं होतं. मी गप्प राहिलो.

दीपाली गेल्यावर चार दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी मुक्ताला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली.
"त्यांना सांगितलंत?"
"नाही."
"मग मला कशाला सांगताय?"

शुक्रवारी चौकीत जाऊन नवा जबाब दिला. हवालदार वैतागला, म्हणाला, "आजोबा, मिटलेलं कशाला उकरताय?" पण लिहून घेतलं. काल त्या तिन्ही घरी जाऊन सांगितलं. एकीने दार अर्धंच उघडलं आणि ऐकून घेतलं. दत्तप्रसाद म्हणाले, "जाऊ द्या हो, बाई बऱ्या झाल्या ना आता." बरी झालेली बाई स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसली आहे, हे मी त्यांना दारातच सांगितलं.

माफी मागत नाही. तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि मी सुटेन. परत कामाला या, असंही म्हणणार नाही. तुम्हाला राग आला तर तो गिळू नका. दीपालीला मला फोन करून चार शब्द ऐकवायचे असतील तर मी फोन घेईन, ठेवणार नाही.

तुम्ही फक्त हे पत्र जपून ठेवा. पुन्हा कधी मनात आलं की मीच भरली असेल, तर काढून वाचा. कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं तर त्याच्यापुढे धरा. म्हणून खाली पूर्ण नावाने सही करतो आहे.

ज्याने बाटली भरली आणि तुम्हाला प्यायला सांगितली, तो,
रंगनाथ वामन खांबेटे