बलाईची बोटं

प्रिय द्वारका,

पुस्तक मिळालं. पहिल्या पानावर तू लिहिलंयस, 'सगीरास, जिच्या घरातून ही गोष्ट सुरू झाली.' तेच वाक्य माझ्या डोक्यात गेलंय. फोन केला असता तर भांडण अर्धवट सोडून रडत बसले असते, म्हणून हे पत्र.

कादंबरी रंगलीय, यात वाद नाही. डोंगरी किल्ला, दोन जमातींचं धर्मयुद्ध, तळहातातून जाळ काढणारी सोळा वर्षांची पोर. किल्ल्याला तू नाव काहीही दे, दौलताबादची अंधारी मी ओळखणार नाही का? त्याच भुयारात लहानपणी तू माझा हात सोडून पळालीस, वटवाघळं उठली, आणि तू जी किंचाळत सुटलीस ती बाहेर उन्हात आल्यावरही थांबेना. माझ्या अम्मीनं तुला मांडीवर घेतलं. तुझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, ते स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. "तेरी बला मेरे सर, बेटा." मग कुठं तू गप्प झालीस आणि पेरू मागितलास.

आता स्वतःचं पुस्तक उघड. शत्रूच्या गोटातली चेटकीण, नाव बलाई. ती लेकरांच्या तोंडावरून हात फिरवते, कानशिलांवर बोटं मोडते, "तेरी बला मेरे सर" म्हणते आणि लेकरू वाळून मरतं. अगं, बला म्हणजे संकट! तुझ्यावरचं संकट माझ्या डोक्यावर येऊ दे, असं म्हणते ती बाई. मराठीत कुणाच्या नावानं बोटं मोडतात म्हणून तू हेही शिव्याशापातच जमा केलंस? मग तुझी आजी आपल्या दोघींची अलाबला घ्यायची ते काय होतं? तुझ्या नायिकेची आजी अंगारा लावते ती माया, आणि आमची म्हातारी बोटं मोडते ते चेटूक. वा गं लेखिकाबाई!

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तुझ्या आजीनं माझ्या नानीला धान्याच्या कणगीत लपवलं होतं. बाहेर काढल्यावर दोघी एकमेकींच्या बलाया घेत, अशीच कानशिलांवर बोटं मोडत रडल्या. तुझ्या वडिलांनी, नानासाहेबांनी, हे आपल्याला किती वेळा सांगितलं! "तुमच्या नान्या-आज्यांनी लई सोसलं गं," म्हणायचे. धर्माच्या नावानं पेटलेला गाव आणि त्यात या दोन बाया. एवढी गोष्ट घरात असताना तुझ्या जाडजूड युद्धात त्यांच्यासाठी एक पान निघालं नाही. निघाली ती बलाई.

तू म्हणशील, काल्पनिक आहे, एवढं काय मनावर घेतेस. माझी तहूरा आठवीत आहे. तिच्या वर्गात तुझं पुस्तक हातोहात फिरतंय. गेल्या आठवड्यात परीक्षेला निघताना अम्मीनं नेहमीसारखे हात पुढं केले आणि पोरीनं डोकं मागं घेतलं. तिच्या मैत्रिणी व्हरांड्यात उभ्या होत्या, त्यातली एक हळूच "बलाई" म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. तहूरा माझ्यावरच ओरडली, "नानीको बोलो ना, सबके सामने नक्को करना." अम्मीला वाटलं, पोर मोठी झाली, लाजते. तेव्हापासून ती हात ओढणीत गुंडाळून बसते. मला याचा संताप येतो, द्वारका. असा येतो की तुझं पुस्तक गारखेड्याच्या चौकात रद्दीवाल्याला द्यावंसं वाटतं.

पण देता येत नाही. अम्मीला मराठी वाचता येत नाही, आणि मोतीबिंदूनं आता काहीच धड दिसत नाही. पार्सल आलं त्या दिवसापासून तिचा एकच हट्ट, "हमारी द्वारका की किताब है, मेरेकू पढके सुना." रोज दुपारी मी वाचते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, ही पोर माझ्या मांडीवर खेळलीय. काल बलाईच्या प्रकरणापाशी आले आणि घसा बसल्याचं सोंग केलं. बदलून वाचावं म्हटलं तर खोटं बोलताना माझा आवाज कापतो आणि तिचे कान शाबूत आहेत. तेव्हा या रविवारी तू पुण्याहून ये आणि पुढचं पान तूच वाच. दारात तुझा आवाज ऐकला की ती आधी तुझ्या बलाया घेईल. तेवढ्यापुरती खाली वाक, डोकं मागं घेऊ नकोस. त्यानंतर तोंडातून शब्द फुटला, तर खुशाल वाच.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
सगीरा