पपनसाच्या पाण्यात धुतलेली बटणं

प्रिय सिम,

अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे. तब्येतीला काही झालेलं नाही. तुझं जुगाराच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडणारी मंडळी सोमवारी बाबांचं सामान न्यायला येणार आहेत: पितळी वाटी, बांबूची काठी आणि ती बटणांची थैली. मधल्या काचेच्या पेटीसाठी तू लिहून पाठवलेली पाटी मी मोठ्याने वाचली. ‘कुओक सान. मकावच्या जुगारघरात बटणं मोजणारे असे एक, ज्यांची काठी कधी खोटं बोलली नाही.’ वाचताना डोळे भरून आले होते. ही परवाची गोष्ट.

तू बजावलं होतंस की जुन्या वस्तूंवरचा मळ काढायचा नाही, मळातच त्यांची किंमत असते. लिस्बनमध्ये राहून तुला काहीही सुचतं! जुगारघरातली वस्तू, आणि न धुता चार लोकांसमोर ठेवायची? आई असती तर तुझ्या बोटांवर जेवणाच्या काड्या हाणल्या असत्या तिने. नव्या वर्षाआधीची साफसफाई चाललीच होती. मी पपनसाची पानं उकळली आणि अवदसा निघून जावी म्हणून सगळी बटणं त्या कढत पाण्यात सोडली.

पाणी निवेपर्यंत ओट्याशी बसून मला आपला खेळ आठवत होता. जिन्याखाली बसून आपण बटणांऐवजी सुक्या कमळबियांनी फानतान खेळायचो. मूठभर बिया वाटीखाली झाकायच्या, एक ते चारपैकी एका आकड्यावर डाव लावायचा, मग वाटी उचलून काठीने चार-चार बिया बाजूला ओढायच्या. शेवटी उरतील तितक्यांचा आकडा जिंकला. तू हट्टाने तीनवरच लावायचीस आणि आई उठून आत निघून जायची. जेवताना कोंबडीची तंगडी बाबा न चुकता तुझ्या वाडग्यात घालायचे. मी गाल फुगवले की म्हणायचे, “तुला बाप आहे ना? मग गप जेव.” सख्ख्या मुलीला असं बोलणारा बाप! मला तुझा असा राग यायचा, आणि झोपायचो मात्र एकाच पांघरुणात.

माझ्या मामाची, तुझ्या बाबांची गोष्ट तर बाबा दर नव्या वर्षाला सांगायचे, तुझ्यादेखत. मामा वरच्या मजल्यावर कठड्याशी बसला होता, बाबा खाली टेबलाशी. मामाची टोपली दोरीने खाली आली. टोपलीत औषधांच्या दुकानाचे कागद होते आणि डाव तीनवर होता. बाबांनी चार-चार बटणं ओढली, शेवटी चार उरली. एका बटणापायी दुकान गेलं, आणि आठवड्याभराने मामा बंदराच्या पाण्यात सापडला. गोष्ट संपवताना बाबा म्हणायचे, “हावरट माणसाला देवसुद्धा वाचवत नाही.” सगळे माना डोलवायचे. वाडग्यात बघत तूही डोलवायचीस.

म्हणूनच तू हे सगळं जमवत गेलीस, हे मला ठाऊक आहे. व्हेनिसच्या सरकारी जुगारघरात लोक मुखवटे घालून खेळायचे, तसला एक मुखवटा. सयामच्या जुगारघरांतली चिनी मातीची नाणी. पत्त्यांच्या डावात मोजायला वापरत ते शिंपल्याचे चपटे मासे. तू एकदा लिहिलं होतंस, “माझ्या बाबांना ज्याने हरवलं, ते मला एकदा हातात धरून बघायचंय.” मी हसले होते. म्हटलं, नशीब कुणाला हातात धरता आलंय का?

पाण्यात हात घातला आणि एक बटण बोटांत येताच त्याची दोन झाली. तडकलं नव्हतं, सिम. दोन पातळ चकत्या मेणाने एकमेकींना चिकटवलेल्या, आणि कढत पाण्याने ते मेण विरघळलं. काठीचं टोक दाबून सरकवलं की एकाची दोन बटणं होणार, आणि बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आधी मनात आलं, जुगारघराने बाबांनाही फसवलं असेल. बाप आहे शेवटी. मन आधी तिकडेच धावतं.

काल सकाळी वृद्धाश्रमात सोउकाकांकडे गेले. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकांच्या टोपल्या सोडायचे ना, ते. बटण बघून म्हातारा चक्क हसला. “अगं, हे अजून जिवंत आहे होय? मालक खोकला की काठी दाबायची. तुझा बाप हाताचा इतका हलका, की शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही.” मी मामाच्या डावाचं विचारलं. त्यांचं हसू गेलं. “मालक दोनदा खोकला. तुझा बाप बहिरा झाल्यासारखा बसून राहिला. मग मालक उठून त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. तेव्हा दाबली.” वर कोण बसलंय हे बाबांना माहीत होतं का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. “पोरी, बायकोचा भाऊ होता तो. माहीत नसेल होय?” मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि बाहेर नेऊन बसवलं. स्वतः काठी दाबून वर हा माणूस तुझ्यासमोर मामाला हावरट म्हणत होता! आणि एवढं होऊन मला ती कोंबडीची तंगडीही विसरता येत नाही. चीड येते माझी मलाच.

काल घरी आल्यावर मी मेणबत्ती पेटवली. थेंबभर मेण लावून बटण सांधलं, थैलीत टाकलं, की झालं. सोउकाका कुणाकडे बोलणार नाहीत. तू विमानातून उतरशील, सगळ्यांसमोर बाबांचं नाव घेशील, टाळ्या पडतील. बराच वेळ ज्योतीकडे बघत बसले आणि मग फुंकर मारली. पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव, बाबांची मुलगी म्हणून मी काहीही मागणार नाही. त्यातली एक चकती या पत्रासोबत ठेवली आहे. हातात धरून बघायचं होतं ना तुला? ती बघ. सोउकाकांनी वरून नीट पाहिलं होतं, सिम. मालक खोकला तेव्हा टेबलावर तीनच बटणं उरली होती. मामा जिंकला होता.

अजून म्हणू देत असशील, तर तुझीच,
फोंग