एकच रेझर, एकच ब्रश

५ नोव्हेंबर, बुधवार
ठरलं. आजपासून एक रेझर, एक ब्रश, एक साबण. कपाटात सात रेझर आहेत, कोणता घ्यावा यातच क्लासवर शिकवायला जायला उशीर होतो. माणसानं कधीतरी सेटल व्हावं. सोळा तारखेला अकोटला रागिणीला बघायला जायचंय. फोटोतच फार आवडली. आधीच्या मुलींना मी नकार दिला, किंवा त्यांनी मला. आता नक्की आठवत नाही. हे स्थळ मात्र हातचं जाऊ द्यायचं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पितळी रेझर फायनल. बाकीचे शेजारच्या खोलीतल्या कुलदीपला द्यायला गेलो. म्हणाला, मले कायले, मी सलूनमधी जातो. अडाणी! परत कपाटात ठेवले.

१० नोव्हेंबर, सोमवार
पितळी रेझर ओल्या हातातून निसटतो. चूक रेझरची. डायलवाला मागवला. एक ते नऊ, डायल फिरवू तेवढं पातं बाहेर. म्हणजे एकातच नऊ रेझर. संकल्प मोडलेला नाही, उलट पक्का झाला. साबण मात्र दोन. थंडी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वलगावहून बाबांचा फोन. गुडघा दुखून राहिला म्हणाले, आमी येत नाही, तू एकटाच जाय, अन् तिथं कमी बोलजो. हा सल्ला मला? बोलण्याचाच पगार घेतो मी.

१६ नोव्हेंबर, रविवार, पहाटे
डायल नऊवर ठेवला. डावी मिशी जरा कमी झाली. उजवी तिच्याइतकी केली. मग डावी. मग पुन्हा उजवी.

थोड्या वेळानं
मिशी नाही. एकदम तरुण दिसतोय. खरं म्हणजे मला हेच करायचं होतं.

संध्याकाळी, परतीच्या एसटीत
जबरदस्त छाप पडली! मला दारात बघताच रागिणीच्या वडिलांनी, देवरावांनी, डोक्यावरची टोपी काढली. घरातले सगळे उठून उभे राहिले, हात जोडून. आतून पोह्यांचा वास येत होता, पण पुढ्यात आला नुसता कोरा चहा. डाएटवाली माणसं दिसतात. देवराव पाठीवर हात ठेवून म्हणाले, धीर धरा. सासरा असावा तर असा. घरचे सगळे निर्णय आता मीच घेतो, हेही ठसवून सांगितलं. मग वातावरण हलकं करावं म्हणून ब्रशच्या केसांचे प्रकार समजावले. रागिणीनं डोळ्यांना ओढणी लावली. इतकं मनापासून ऐकणारी मुलगी मला आजवर भेटली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
होकार आला नाही. मुहूर्त बघत असतील. लग्नासाठी वेगळा ब्रश मागवला. तो रोजचा नाही, त्यामुळे मोजायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, वलगाव
सकाळी घरी आलो. ओट्यावर देवराव आणि बाबा, दोघंही लालबुंद. देवराव भेटायला म्हणून आले होते. ओट्यावर शेंगा खात बसलेल्या बाबांना त्यांनीच विचारलं, खुशालराव कशानं गेले हो? बाबा म्हणाले, खुशालराव तं मीच आहो.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, बाप जिता असताना मिशी काढून सोयरिकीले गेला, लोक काय समजतीन रे?

मी लगेच म्हणालो, चला, गैरसमज मिटला, सुतक नाही, तारीख काढू. देवराव मान खाली घालून म्हणाले, पोरगी नाही म्हणते. म्हणते, त्याचा बाप गेला म्हणून मी रडून राहिली होती, अन् तो ब्रशबद्दल बोलून राहिला होता. बाप जिता असो का मेलेला, मले हा माणूस नको.

तिनं अकोल्याचं स्थळ पसंत केलंय. मुलाला छातीपर्यंत दाढी आहे. दाढी करतच नाही म्हणे.

वाईट वाटलं. खरंच आवडली होती मला. बाबा माझ्याकडे पाठ करून शेंगा फोडताहेत.

आजपासून दाढी वाढवतोय. कंगवा एकच घ्यायचा, असं ठरवलंय. सध्या दोन मागवलेत, बघून एक ठेवीन.